जुनं ऑइल जातं कुठं?

गाडीचं इंजिन ऑइल घरी बदलणं ही काही मोठी विद्या नव्हे. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून ऑइल कोमट करायचं, गाडी मेन स्टँडवर घ्यायची, खालचा बोल्ट सोडून सगळं निथळू द्यायचं. बोल्ट परत बेतानंच आवळायचा. जास्त जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. नवीन ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. डब्यावर ‘जासो एमए’ बघून घ्या. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलात फिरतो. कारचं ऑइल घातलं तर तो घसरू शकतो.

इथवर बरेचजण करतात. माझं म्हणणं पुढचं आहे. ते काळं ऑइल जातं कुठं? गटारात! बेळगावातली गटारं बळ्ळारी नाल्याला मिळतात आणि पावसाळ्यात नाला फुगला की तेच पाणी शहापूर-वडगावच्या भातशेतीत शिरतं. निपाणीकडं काय किंवा इकडं काय, वाळवी लागू नये म्हणून खांबांना फासलेलं ऑइलही शेवटी मातीतच मुरतं.

कायद्यानं हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आलीय. पण आपणच ते ओतून दिलं तर कंपनी गोळा काय करणार?

तेव्हा जुनं ऑइल रिकाम्या डब्यात भरा आणि गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये नेऊन द्या. आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्येही असा एक ड्रम ठेवायला काय हरकत आहे?