पट्टी, क्लिप आणि माझा पराक्रम

मेकॅनिकलच्या पोरांना एक खोड असते. गाडीला प्लास्टिक दिसलं की नाक मुरडायचं. "पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा बघ लेका, आताच्या म्हणजे नुसत्या डब्या!" मेसमध्ये हा विषय निघाला की मीही जोरात मान हलवायचो. सेकंड इयरच्या दिवाळीपासून हलवत नाही. त्याचं कारण सांगतो.

आमच्या काकांकडे २००८ ची स्कॉर्पिओ आहे, एमएच २१ पासिंग. परतूरकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ती कशी चालते ते तिकडच्यांना सांगायला नको. दारावरच्या प्लास्टिकच्या पट्टीमागे चिखल साचून वाळला होता आणि पट्टी एका टोकाला फडफडत होती. काका म्हणाले, "गॅरेजला दाखवतो." मी म्हणालो, "काका, मी इंजिनिअरिंगला आहे."

सकाळी सातला, थंडीत, स्क्रूड्रायव्हर घालून मी पट्टी उचकटली. फाट फाट फाट! पाच क्लिपांपैकी चार तुटल्या. पत्र्यावर ओरखडा उठला तो वेगळा. नव्या क्लिपा आणायला जालन्याला कोण जाणार? शेजारून ड्रिल आणलं, पत्र्याला आरपार भोकं पाडली आणि सेल्फ टॅपिंग स्क्रूनी पट्टी आवळून टाकली. हलवून बघितली, ढिम्म हलेना. केवढा अभिमान वाटला होता मला!

मे महिन्यात पट्टीला स्क्रूभोवती तडे गेले. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच स्क्रूंखालून तपकिरी ओघळ दिसायला लागले. काका रागावले नाहीत. "कॉलेजात हेच शिकवतेत का?" एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

हेच शिकवतात का? तर नाही. पण शिकवलेलं मी वापरलं नव्हतं, हे खरं. थर्मल एक्स्पान्शनचं गणित आपण फर्स्ट इयरपासून सोडवतो. पोलादाचा कोएफिशंट साधारण १२, म्हणजे एका अंशाला मीटरमागे १२ मायक्रोमीटर. साध्या पॉलिप्रॉपिलीनचा शंभराच्या वर. त्यात टाल्क मिसळून तो ६० वर आणला असं धरा. डिसेंबरची पहाट १० अंशांची आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची पट्टी ६० ची. फरक ५० अंशांचा. मीटरभर पत्रा ०.६ मिलिमीटर वाढणार, पट्टी ३ मिलिमीटर. हा जास्तीचा अडीच मिलिमीटर जाणार कुठे? म्हणून तर अशा पट्ट्यांना सहसा एकच भोक नेमकं गोल असतं आणि बाकीची लांबट. पट्टी एका जागी धरलेली, बाकी ठिकाणी क्लिपवर सरकायला मोकळी. जिला आपण 'तकलादू' म्हणतो ती क्लिप हे काम गुपचूप करत असते. मी चारी बाजूंनी आवळलं आणि पट्टीची वाटच बंद केली.

शिवाय क्लिप तुटते ती पत्रा वाचावा म्हणून. दहा-पंधरा रुपयांची वस्तू गेली, काम झालं. स्क्रूने मात्र रंग आणि त्याखालचा थर दोन्ही फाडले, वर ओली माती धरून ठेवली. ज्या जालन्याच्या एमआयडीसीतून घर बांधायच्या सळया सगळीकडे जातात, तिथल्या पोराला उघडं लोखंड गंजतं हे गाडीच्या दारावर शिकावं लागलं!

शेवटी मंठा चौफुलीकडच्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी हात लावायच्या आधी क्लिपा मागवल्या, दोन जास्तीच्या. गाडी दुपारी बारापर्यंत उन्हात ठेवली, कारण गार प्लास्टिक कडक असतं आणि मोडतं. रंगावर कागदी टेप लावली. स्क्रूड्रायव्हर नाही, प्लास्टिकची पातळ पाती क्लिपच्या अगदी शेजारी घातली आणि एकेक क्लिप सोडवली. डबल टेप होती तिथे नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढला. मग माझी भोकं घासली, प्रायमर, रंग, आणि ती बुजवून टाकली. तडे गेलेली पट्टी त्यांनी मागून प्लास्टिक वेल्डिंगने सांधली. बसवताना आधी नेमकं भोक, मग दोन्हीकडे तळहाताने दाबत गेले. टक, टक, टक. मी बाजूला उभं राहून ऐकत होतो. ते दहावीसुद्धा झालेले नाहीत, असं त्यांनीच सांगितलं.

आपण असेंब्ली ड्रॉइंग काढतो, वर्कशॉपमध्ये दिवसचे दिवस कानस चालवून चौकोनी जॉब करतो. त्याला माझा विरोध नाही (जरा आहे). पण जोडलेली वस्तू न मोडता सोडवायची कशी, यावर चार वर्षांत एक प्रॅक्टिकल नाही. आणि आपल्या भागात गाड्या लवकर मोडीत जात नाहीत. १५ वर्षं झाली की लोक आरटीओकडून तपासणी करून घेतात, पाच वर्षांचं नूतनीकरण करतात आणि पुढे चालवतात. काकांनी २०२३ मध्ये तेच केलं, २०२८ ला पुन्हा करायचं म्हणतात. अशा गाडीची पट्टी दहा वेळा निघणार आणि दहा वेळा बसणार. ते काम कुणी शिकायचं?

वर्कशॉपच्या सरांना मी विचारलं, भंगारातून एक दार आणू या का, पट्टीसकट? प्रत्येक बॅचने एकदा काढायचं, एकदा बसवायचं, आणि क्लिपा किती तुटल्या त्यावर मार्क. सर हसले, म्हणाले, "आधी अर्ज दे, वीस जणांच्या सह्या आण." अर्ज लिहून तयार आहे. आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात, त्यातल्या दोन सिव्हिलवाल्यांच्या. उरलेल्यांनी रात्री जेवणानंतर रूमवर यावं. पेन आहे.