हुरड्याचा विसार

मार्गशीर्ष सरत आला की बीड जिल्ह्यात, आणि एकूणच मराठवाड्यात, मोठ्या रस्त्यांच्या कडेला एका विशिष्ट प्रकारचे फलक दिसू लागतात. वर ठळक अक्षरांत ‘हुरडा पार्टी’, खाली माणशी दर, बैलगाडीची सफर, झोके, विहिरीवरची मोट, एखाद्या ठिकाणी उंटसुद्धा. आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत ‘आगाऊ नोंदणी आवश्यक’. या शेवटच्या ओळीविषयी मला येथे लिहायचे आहे. नोंदणी होते, चाळीस माणसांची, पन्नास माणसांची होते, आणि ठरल्या दिवशी सकाळी एका ओळीच्या निरोपाने मोडली जाते. मोडणाऱ्याचे काहीच जात नाही. ज्याच्या बांधावर आगटी पेटलेली असते त्याचे काय जाते, याची विचारपूस करण्याची रीत अद्याप पडलेली नाही.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकांचा नव्हे, असे कुणाला वाटण्याचा संभव आहे. मला तो आपलाच वाटतो. त्याचे कारण पुढे येईल.

हुरड्याचे मळे हे आजचे थीम पार्क आहेत, हे आधी मान्य करायला हवे. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली. अशा पार्कांत परीकथा, चाचे, अवकाशयाने अशा कल्पनांभोवती पाळणे आणि खाद्यगृहे रचलेली असतात. हुरड्याच्या मळ्यावर कल्पना एकच असते, ती म्हणजे खेडे. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि या खेड्याला शासकीय मान्यताही मिळाली. कोरडवाहू शेतकऱ्याला चार पैसे मिळण्याची ही एक वाट आहे, तेव्हा तिची टिंगल करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. एरवी ज्या शेतात तो राबतो त्याच शेतात त्याने दोन महिने फेटा बांधून ‘शेतकरी’ म्हणून वावरायचे, यातला विपर्यास मात्र डोळ्यांआड करता येत नाही.

थीम पार्कमधल्या खाद्यगृहाची नोंदणी आणि हुरड्याची नोंदणी यांत एक मूलभूत फरक आहे. फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डमध्ये कित्येक आठवडे आधी जेवणाची जागा राखून ठेवण्याची पद्धत आहे. न कळवता गैरहजर राहिल्यास, किंवा अगदी ऐनवेळी नोंदणी मोडल्यास, बहुतेक ठिकाणी माणशी दहा डॉलर कापले जातात. नोंदणीच्या वेळीच कार्डाचा क्रमांक घेतलेला असतो. तेथे ग्राहक राखून ठेवतो ती खुर्ची आणि तासाभराचा वेळ. अन्न त्याच्या नावाने शिजत नाही. तो आला नाही तर दारातल्या रांगेतले दुसरे कुटुंब त्या खुर्च्यांवर बसते आणि शीतपेटीतले पदार्थ शीतपेटीतच राहतात. म्हणजे जेथे नुकसान थोडे तेथे दंड पक्का आहे.

हुरड्याचे गणित उलटे आहे. ज्वारीचा दाणा दुधातून चिकात येतो त्या थोड्या दिवसांतच हुरडा होतो. त्याआधी दाणा पाणचट, त्यानंतर निबर. म्हणून जाणता शेतकरी सुरती किंवा गुळभेंडी अशा वाणांचा वेगळा तुकडा राखतो आणि तो टप्प्याटप्प्याने पेरतो, म्हणजे पौषभर कुठला ना कुठला वाफा हुरड्यात असेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले मधुर’ हे खास हुरड्याचे वाणही दिले आहे. पण वाण कोणतेही असो, माणसे मोजून कणसे कापावी लागतात, आणि ती त्याच दिवशी सकाळी कापावी लागतात. गोवऱ्यांची आगटी तासभर आधी पेटवावी लागते. कणीस आरात खोवायचे, भाजून निघाले की हातावर चोळायचे, पाखडायचे आणि गरम असतानाच पुढ्यात द्यायचे. बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. मागे चुलीवर भाकरी आणि वांग्याचे भरीत चाललेले असते ते वेगळेच.

गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे मी सकाळीच गेलो होतो. शहरातल्या एका मंडळाची पंचेचाळीस माणसे यायची होती. कणसांचे दोन भारे कापून झाले होते, आगटीवर राख धरू लागली होती, आणि निरोप आला: ‘काही अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द.’ निरोपाच्या शेवटी हात जोडल्याचे चित्र. शेतकऱ्याने तो दोनदा वाचला आणि मला विचारले, ‘‘सर, कापल्यालं कणीस पुन्हा ताटाला लागतंय व्हय?’’ ज्वारीच्या धाटाला आमच्याकडे ताट म्हणतात. त्या ताटावरचे कणीस पंचेचाळीस ताटांसाठी उतरले होते आणि दुपारी ते बैलांपुढे गेले. पंधरा दिवस तसेच उभे राहिले असते तर त्याची ज्वारी झाली असती.

त्याने आगाऊ रक्कम घेतली नव्हती. का घेतली नाही, या प्रश्नावर तो संकोचला. ‘‘खायला बोलवायचं आन् आधी पैसे मागायचे, बरं दिसतंय का?’’

माझ्या मते सारा प्रश्न या संकोचात आहे, आणि येथेच तो आपल्या विषयाच्या हद्दीत येतो. हा संकोच पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्कारांतून आला आहे. ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आपण शाळेत शिकतो. त्याने कधीही यावे, यजमानाने सदैव सिद्ध असावे. खेड्यातली जेवणाची आवतणेही कागदावर नसत, पण त्यांत अचूकपणा होता. घरटी एक माणूस जेवायला यायचे की सहकुटुंब, हे आवतण देणारा स्पष्ट सांगे. चूलबंद आवतण असले तर त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही. यातला व्यवहार दुहेरी होता हे लक्षात घ्यावे. पाहुणे आले नाहीत तर अन्न वाया जाई आणि यजमानाने ऐनवेळी बेत मोडला तर बोलावलेल्यांची चूल थंड राही. दोघेही एकाच गावात राहत. शब्द मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर, त्याच पारावर उभे राहावे लागे. तोच त्या व्यवहाराचा तारण होता. शहरातून फोनवर नोंदणी करणाऱ्याचा पाणवठा वेगळा आहे. तारण गेले, पण संकोच तसाच राहिला.

या संकोचाला आपण, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांनी, खतपाणी घातले आहे. आपल्या ग्रामीण कथांच्या चर्चेत पाहुणचार हा सद्‌गुणांच्या यादीत येतो. घरात दाणा नसताना उसनवारी करून पाहुण्याला जेवू घालणारी माय आपण भावभऱ्या आवाजात वर्गात उभी करतो. तो पाहुणा कोण होता, तो जेवला का, पुन्हा कधी उपयोगी पडला का, हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत. उत्तरपत्रिकांत ‘अतिथी देवो भव’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की ते दिसले की गुण देण्याची इच्छाच होत नाही.

वास्तविक आपल्याच कथा-परंपरेत न आलेल्या पाहुण्यांचे फार मार्मिक दाखले आहेत. महाभारताच्या वनपर्वातली दुर्वासांची कथा घ्या. दुर्योधनाच्या सांगण्यावरून दुर्वास शिष्यांचा लोंढा घेऊन पांडवांकडे येतात, आणि तेही द्रौपदीचे जेवण होऊन सूर्याने दिलेले पात्र रिकामे झाल्यावर. स्नानाला म्हणून ते नदीवर जातात. इकडे कृष्ण पात्राला चिकटलेला भाजीचा कण खातो आणि तिकडे सगळ्यांची पोटे भरतात. आपल्या ऐकण्यातली कथा बहुधा येथेच संपते, कारण चमत्कार झालेला असतो. मूळ कथा पुढे जाते. नदीत उभे असलेले दुर्वास चिंतेत पडतात. आपल्यासाठी केलेला स्वयंपाक आता वाया जाणार, हा त्या राजर्षीचा आपण केलेला मोठा अपराध आहे, पांडव आता आपल्याला जाळून टाकतील, असे ते शिष्यांना सांगतात आणि सारे पळ काढतात. शाप देण्यासाठी प्रसिद्ध असलेला ऋषी न जेवण्याच्या अपराधाला भितो! वाया गेलेल्या स्वयंपाकाला अपराध म्हणणारा हा भाग किती वर्गांत शिकवला जातो?

दुसरा दाखला तर आमच्या गोदाकाठचाच. गेवराईपासून नदीच्या काठाने वर गेले की पैठण लागते. एकनाथांच्या घरचे श्राद्धाचे अन्न वासाने व्याकूळ झालेल्या भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाला त्यांनी वाढले, पुन्हा सोवळ्याने स्वयंपाक केला, तरी निमंत्रित ब्राह्मण पानावर आले नाहीत. तेव्हा प्रत्यक्ष पितर येऊन जेवले. महिपतीमुळे ही आख्यायिका घरोघरी पोहोचली. तिच्यात पंगतीला ऐनवेळी नकार देणे ही अधिकाराची भाषा आहे. न जेवून यजमानाला शिक्षा करता येते, हे निमंत्रितांना पुरेपूर ठाऊक होते. नाथांकडे पितर आले म्हणून श्राद्ध तडीस गेले. हुरड्याच्या मळ्यावर पितर येत नाहीत.

मराठीत या व्यवहाराचे दोन शब्द आहेत, तेही पाहण्यासारखे आहेत. सौदा मोडतो, लग्न मोडते, बेत मोडतो. या ‘मोडणे’त काही तुटल्याचा आवाज आहे, तुकडे कुणाकडे तरी पडल्याची जाणीव आहे. ‘रद्द’ हा अरबी-फारसी वाटेने दप्तरात आलेला शब्द. त्याने कागदावरची एक ओळ खोडली जाते, ‘रद्दी’ हा त्याच्याच घरातला. हुरड्याचा बेत मोडला असे कुणी कळवत नाही. ‘कार्यक्रम रद्द’ होतो, आपोआप, कर्त्याशिवाय.

तिसरा शब्द मात्र आपण वापरेनासे झालो आहोत: विसार, बोलीत इसार. बैलाच्या बाजारात सौदा पटला की थोडी रक्कम हातावर ठेवायची. घेणारा फिरला तर ती बुडाली. यात कुणाचा अपमान होत नसे. उलट विसार देणारा माणूस शब्दाचा पक्का समजला जाई. जमिनीच्या व्यवहारात इसारपावती आजही चालते. बैलासाठी, जमिनीसाठी जो संकेत मान्य आहे तो कणसासाठी का नसावा? हुरडेवाल्या शेतकऱ्याने निम्मी रक्कम विसार म्हणून आधी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परतीची मुदत त्याने डिस्नेप्रमाणे तासांत मोजू नये. कणसाला विळा लागण्याआधी कळवले तर विसार परत, विळा लागल्यावर नाही.

यावर आक्षेप येतील. मूल आजारी पडते, गाडी बंद पडते, घरात कुणी जाते. सुतकाने तर लग्नेही थांबतात, आणि अशा वेळी विसार परत करणारे शेतकरी मी पाहिले आहेत. २०२० च्या पाडव्याला, २५ मार्चला, टाळेबंदी सुरू झाली तेव्हा त्या उन्हाळ्यातल्या लग्नांचे विसार घेतलेल्या आचाऱ्यांपैकी काहींनी ते परत केले, काहींनी पुढच्या तिथीला वळते करून घेतले. माणसे कारण ओळखतात. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: शेतकरीही शब्द मोडतात. मोठी बस मिळाली की चार माणसांच्या कुटुंबाला ‘आज हुरडा संपला’ म्हणून सांगणारे महाभाग आमच्याकडे आहेतच. त्यांच्याकडून विसार दुप्पट वसूल करावा.

पण या जिल्ह्यात राहून मला वेगळीच गोष्ट छळते. हुरडा रंगात येतो त्याच महिन्यांत बीडमधली असंख्य कुटुंबे येथे नसतात. ती उसाच्या फडात असतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. त्या कोयत्याने पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती घेतली की जायचेच. मूल आजारी असो, बाई बाळंतीण असो, फडावर जावे लागते. राहिलेली उचल पुढल्या हंगामावर चढते. त्यांच्यासाठी ‘अपरिहार्य कारण’ नावाची गोष्ट नाही. मळ्यावर कणसे चोळायला उरतात ती म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेल्या नाती. म्हणजे एकाच शिवारात दोन आगाऊ करार नांदतात. एकात पैसे आधी हातात पडतात आणि माणूस बांधला जातो. दुसऱ्यात छदामही पडत नाही आणि पाहुणा मोकळा राहतो. ऐनवेळी नाही म्हणण्याची मुभा ही या जिल्ह्यात पैशाइतकीच विषम वाटलेली आहे.

आपल्या महाविद्यालयांचेही येथे सांगायला हवे. चर्चासत्राला दीडशे जणांचे जेवण बचत गटाच्या बायकांना सांगायचे, प्रमाणपत्रे घेऊन साठ जणांनी उद्‌घाटनानंतर निघून जायचे आणि मग ताटे मोजून पैसे द्यायचे, हा प्रकार मला अनेक ठिकाणी पाहायला मिळाला आहे. त्या सत्रांत ग्रामीण स्त्रीच्या श्रमांवरचे निबंध वाचले गेलेले असतात.

त्या शेतकऱ्याने यंदा नवा फलक रंगवून घेतला आहे. त्यावर ‘अ‍ॅडव्हान्स बुकिंग’ असे लिहून शेजारी पैसे भरण्याचा चौकोनी सांकेतिक ठसा चिकटवला आहे. फलकावर ‘विसार’ लिहा, असे मी सुचवले तेव्हा तो हसून म्हणाला, की पुण्याच्या माणसाला ते बैलाचा बाजार वाटेल. मात्र त्याची वही मी पाहिली. तारीख, नाव, माणसे, आणि शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर त्याच्या हस्ताक्षरात ‘इसार’. पौषातल्या पहिल्या रविवारसमोर अठ्ठावीस माणसे लिहिली होती, आणि रकाना भरलेला होता.