ताण कोणी वाहायचा?

ताणाला शत्रू न मानता आव्हान माना, म्हणजे मन कणखर होईल व सहकाऱ्यांची एकजूटही वाढेल, असा उपदेश हल्ली कचेऱ्याकचेऱ्यांतून ऐकू येतो. तो असत्य आहे असे नाही. दिंडोशीला बेस्टचे आगार आहे. मार्च २०२० मध्ये उपनगरी गाड्या बंद पडल्या, तेव्हा परिचारिका आणि सफाई कामगार यांना कामावर पोहोचविण्याचा भार बेस्टच्या चालक-वाहकांनी उचलला; कित्येकांचे प्राणही त्या साथीत गेले. भय त्यांनाही होतेच. परंतु आपल्या कामाचे मोल ते जाणून होते आणि घंटीच्या दोरीपाशी जोडीदार उभा होता.

हा जोडीदार उपदेशक सोयिस्करपणे विसरतात. माणसे कमी करावयाची, त्यांचे काम उरलेल्यांच्या माथी मारावयाचे आणि वर सहनशक्तीचे धडे द्यावयाचे, याला आम्ही मनोबलाची जोपासना म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली ‘बर्नआउट’चे मूळ कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणातच दाखविले आहे. पुढील व्याख्यात्यास निमंत्रण धाडण्यापूर्वी दिंडोशी-गोरेगावच्या व्यवस्थापकांनी आपल्या कचेरीतील रिकाम्या जागांची यादी कर्मचाऱ्यांपुढे ठेवावी.