टिंब आणि आखणी

‘आयवर टिंब, टीवर रेघ’ असले मराठी अनुवादांत भेटते, तेव्हा वाचक अडखळतो. काम बारीकसारीक तपशिलासह पुरे करणे, हा मूळ इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ. पण तो रोमन लिपीतून आलेला आहे. शब्द सलग लिहायचा, टिंबे-रेघा मागाहून. आपल्या लेखननियमांनी तर १९६२ साली अनुच्चारित अनुस्वार काढूनच टाकले. म्हणजे इथे टिंब गाळणे हेच काटेकोरपणाचे लक्षण!

‘डोळ्यांत तेल घालून’ हा पर्याय सुचवला जातो. त्यात राखण आहे, शेवटचा हात नाही. ‘काना-मात्रेचाही फरक न करता’ म्हणजे तर बरहुकूम नक्कल.

त्यापेक्षा पेणकडे पाहावे. रामवाडीहून फार दूर नसलेल्या हमरापूर-जोहे परिसरातील कारखान्यांत गणेशमूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगते. तरी ती पुरी होत नाही. डोळ्यांची आखणी उरते, आणि ती सराईत हातालाच दिली जाते. प्रमाण मराठीत ‘आखणी’ कामाच्या आरंभी येते, इथे अखेरीस. अनुवादकाने ‘डोळ्यांच्या आखणीपर्यंत काम केले’ असे लिहून पाहावे. पेणच्या वाचकाला तळटीप लागणार नाही. पुण्याच्या वाचकाला लागली तर लागू द्यावी.