पोराचं अंग सुटलं, दोष कुणाचा?

उसावर आपलं सर्वांचं पोट, म्हणून हे लिहिताना हात अडखळतो. मलकापुरात शाळा सुटली की पोरं थंड पेयाच्या दुकानाकडे धावतात. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर, म्हणजे सहा-सात चमचे! पुढे पोराचं अंग सुटलं की बोल एकट्या आईला. पैसे दिले बापानं, ते कुणी काढत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असला अतिगोड माल विकू नये, असा केंद्राचा २०२० चा नियम आहे; तो पाळला जातो का, हे पाहणे मोठ्यांचेच काम. आणि आम्ही? गेल्या वार्षिक सभेला पोरासोरांना त्याच बाटल्या वाटल्या, वर साखर खपते म्हणून खूषही झालो. आमच्या मते दोषाचा पहिला वाटा आपला. यंदा सभेला ताक ठेवावे, असे आम्ही संचालक मंडळास लिहून दिले आहे.