कारभार ही कोणाची मिरास नव्हे

राष्ट्राचे व्यवस्थापन सुधारले पाहिजे, नेतृत्वगुण वाढले पाहिजेत, असा घोष आज सर्वत्र ऐकू येतो. परंतु हुकूम सोडावयाचा कोणी आणि राबावयाचे कोणी, ही वाटणी ज्या देशात जन्माने ठरविली गेली, त्या देशात हा प्रश्न केवळ कौशल्याचा नाही. वाचकहो, तो हक्काचाही प्रश्न आहे.

महाडने त्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. 19 व 20 मार्च 1927 रोजी येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा तो दिवस आपण दरवर्षी स्मरतो. त्यामागची व्यवस्था मात्र विसरतो. गावोगावची हजारो माणसे एकत्र आणावयाची, त्यांच्या अन्नाची सोय करावयाची आणि पाणी मिळत नाही म्हणून 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावयाचे! पुढे हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी संतप्त जनसमुदायाला आवरले. मग 17 मार्च 1937 च्या हायकोर्टाच्या निकालापर्यंत चिकाटीने दावा लढविला. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सहकारी हे सारे कोणत्या विद्यालयात शिकले होते?

तथापि केवळ स्फूर्तीवर बाबासाहेबांनी कधी भिस्त ठेवली नाही. राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी त्यांनी 1956 साली मुंबईत प्रशिक्षण विद्यालय काढले. नेतृत्व शिकावे लागते, हाच त्याचा अर्थ.

आज त्याच महाडात औद्योगिक वसाहत आहे. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतील तरुण तेथील रसायनांच्या कारखान्यांत पाळीवर जातात. 3 नोव्हेंबर 2023 रोजी तेथे एका औषधी कारखान्यात आग व स्फोट होऊन 11 कामगार प्राणास मुकले. ज्याच्या जिवावर बेतते, त्याला कारभारात स्थान नसावे काय? उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग मिळावा, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 43अ 1976 पासून सांगत आहे. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 साली, धोकादायक कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती असावी, असे कायद्यानेही ठरविले. परंतु समितीत बसून नुसती सही करणारा प्रतिनिधी काय कामाचा? कोणते रसायन कशाने पेट घेते, कोणती तक्रार लेखी द्यावी, सभेच्या इतिवृत्तात काय नोंदवून घ्यावे, हे त्याला कळले पाहिजे.

हे शिक्षण आपल्या घरापासूनच सुरू होऊ शकते. आपल्या जयंती समितीचा हिशेब जाहीर होतो काय? अध्यक्षपद दरसाल नव्या हाती जाते काय? भगिनींना केवळ स्वागतासाठी उभे करतो, की खजिन्याची किल्लीही देतो? स्वतःच्या समितीचा हिशेब न देणारा पुढारी कारखानदाराकडे हिशेब कोणत्या तोंडाने मागणार?

प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. सभा कशी चालवावी, ठराव कसा लिहावा, कायदा कसा वाचावा, हे तरुण-तरुणींनी तेथे शिकावे. चवदार तळ्याकडे निघालेल्या पूर्वजांनी पाण्यावरील मिरासदारी मोडली. कारभारावरील मिरासदारी मोडणे आपल्यावर आहे.