प्रत्येक हंडी बेल्जियमची नसते

पनवेलमधले जुने वाडे पाडले जात आहेत आणि माळ्यावरच्या काचेच्या हंड्या, फुलदाण्या बाहेर येत आहेत. ‘बेल्जियमची आहे’ असं घरचे सांगतात, जुना बाजारवाला मान डोलावतो. पुरावा कोणीच मागत नाही.

तो काचेतच असतो. फुलदाणी उलटी करून बुडाचा मध्य बोटाने चाचपावा. खरखरीत वण लागला, तर फुंकलेली काच सळईवरून तोडल्याची ती खूण. अंगावर उभी शिवण दिसली, तर घडण साच्यातली. पण म्हणून ती नवी ठरत नाही, कारण साच्यात दाबलेली काच अमेरिकेत १८२० च्या दशकापासून बनते आहे. अतिनील दिव्याखाली झगझगीत हिरवी चमकणारी युरेनियम काच बोहेमियात १८३० च्या दशकात होत असे. ती आजही बनते, तेव्हा एकाच खुणेवर वय ठरवणं चूकच.

आणि वस्तू देशी निघाली तर? तळेगावचा काच कारखाना लोकांनी दिलेल्या पैसा फंडातून उभा राहिला. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने घरोघरी उजेड दिला. ही काच बेल्जियमच्या काचेहून कमी मोलाची मुळीच नाही.

भंगारात देण्याआधी वस्तूच्या बुडाचा फोटो काढा आणि ती घरात कधी, कुठून आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा.